त्रैक्य: देव एक, मग तीन कोण? ख्रिस्ती पंथांचं कुठे जुळतं आणि कुठे बिनसतं

'त्रैक्य' हा शब्द मोठा नेमका आहे. त्रि आणि ऐक्य, दोन्ही त्यात आहेत. मूळ ग्रीक शब्द 'त्रिआस' याचा अर्थ फक्त 'तिघांचा गट' असा होतो, त्यात ऐक्य कुठेच नाही. अंत्युखियाचा बिशप थिओफिलस याने इ.स. 180 च्या सुमारास तो देवाबद्दल वापरला. पुढे तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने लॅटिनमध्ये 'त्रिनितास' रूढ केला. बायबलमध्ये यातला एकही शब्द नाही, आणि त्रैक्य न मानणारे लोक पहिला मुद्दा हाच मांडतात.

पण शब्द नसला तरी ज्या पेचातून तो जन्मला, तो पेच बायबलमध्येच आहे. तीन विधानं समोर ठेवा. देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्राला देव म्हटलं आहे आणि पवित्र आत्मा देवाचीच कामं करतो. आणि पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. गेथशेमाने बागेत येशू पित्याकडे प्रार्थना करतो तेव्हा तो स्वतःशी बोलत नसतो. ही तिन्ही विधानं एकाच वेळी घट्ट धरायची, कुठलंही सोडायचं नाही, हा त्रैक्याचा सिद्धान्त. यातलं कोणतंही एक सैल सोडलं की उरलेली दोन सहज जुळतात. गेल्या अठराशे वर्षांत जे वेगळे पंथ निघाले, त्यातल्या प्रत्येकाने कोणतं विधान सैल सोडलं हे पाहिलं की त्याची बाकीची शिकवण बरीचशी आपोआप उलगडते.

तिघांमधला फरक पुसला तर

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये सबेलियस नावाचा शिक्षक होता. त्याच्या नावावर असलेलं मत असं: देव एकच, तोच कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो. हिशोब स्वच्छ आहे आणि देवाचं एकत्व पक्कं राहतं. पण मग क्रुसावर कोण होतं? पिताच. तर्तुलियनने या विचाराच्या प्राक्सेयस नावाच्या माणसावर नेमका हाच आरोप ठेवला: याने पित्याला क्रुसावर चढवलं. शिवाय येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग या मांडणीत बसता बसत नाही. पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि वरून पित्याची वाणी येते आहे. तिन्ही एकाच क्षणी.

या बाजूचं आवडतं वचन योहान 10:30, "मी आणि पिता एक आहोत." मराठीत वाचताना इथे एक गोष्ट हातून निसटते. आपला 'एक' लिंगाप्रमाणे बदलत नाही, ग्रीकमध्ये बदलतो. एकच व्यक्ती म्हणायचं असतं तर पुल्लिंगी 'हेइस' आला असता. मूळात नपुंसकलिंगी 'हेन' आहे, म्हणजे 'एकच गोष्ट'. आणि क्रियापद अनेकवचनी आहे, तो 'आहोत' मात्र मराठीतही उतरला आहे. तर्तुलियनने हा मुद्दा तेव्हाच पकडला होता: वचनात 'उनुम' आहे, 'उनुस' नाही.

हा प्रवाह आज 'वननेस पेंटेकोस्टल' मंडळ्यांमध्ये दिसतो. 1913 साली कॅलिफोर्नियातल्या एका शिबिरात, प्रेषितांनी केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा दिला, असं प्रवचन झालं. पुढच्याच वर्षी काही पाळकांनी त्या पद्धतीने पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सुरुवात केली. 1916 मध्ये असेम्ब्लीज ऑफ गॉड या संघटनेने त्रैक्याचं कलम स्पष्ट लिहून काढलं आणि हे लोक बाहेर पडले. त्यांना सरळ सबेलियसचे अनुयायी म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ते एकामागून एक घेतलेल्या रूपांबद्दल बोलत नाहीत. त्यांच्या मते 'पुत्र' म्हणजे देहधारी झालेला तोच एक देव, आणि त्या देवाचं नाव येशू. त्यांचा आधार प्रेषितांची कृत्ये 2:38. मत्तय 28:19 मध्ये पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या 'नावाने' बाप्तिस्मा द्या असं आहे; तिथे 'नाव' एकवचनी आहे, म्हणून ते एक नाव येशूच, असं ते वाचतात.

पुत्राचं देवपण कमी केलं तर

या वादाने चर्चचं जवळजवळ सगळं चौथं शतक व्यापलं, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

अलेक्झांड्रियातला वडीलधारा धर्मगुरू आरियस याने 318 च्या सुमारास आपल्याच बिशपला, अलेक्झांडरला, आव्हान दिलं. त्याचा तर्क असा. देव म्हणजे ज्याला उगम नाही तो. पुत्राला उगम आहे, कारण तो जन्मलेला आहे. म्हणजे पुत्र त्या अर्थाने देव नाही; तो देवाची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती, जिच्याद्वारे बाकी सगळं घडलं. "तो नव्हता तेव्हा एकदा होतं," हे त्याचं प्रसिद्ध वाक्य. त्यात त्याने 'काळ' हा शब्द जाणूनबुजून टाळला आहे, कारण पुत्र काळाच्याही आधीचा आहे हे त्याला मान्य होतं. आरियस बेछूट बोलणारा माणूस नव्हता. देवाच्या एकमेवपणाला धक्का लागू नये हीच त्याची तळमळ होती.

त्याच्या हातात वचनंही होती. योहान 14:28, पिता माझ्यापेक्षा थोर आहे. कलस्सै 1:15, सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ. आणि सगळ्यात भारी नीतिसूत्रे 8:22, जिथे ज्ञान बोलतं. हे ज्ञान म्हणजे पुत्रच, असं दोन्ही बाजू धरून चालत होत्या. सगळे ग्रीक भाषांतर वाचत, आणि त्यात तिथे 'त्याने मला निर्माण केलं' असं होतं. मूळ हिब्रू क्रियापदाचा नेहमीचा अर्थ 'मिळवणं, बाळगणं' असा आहे. एका क्रियापदाच्या भाषांतरावर एवढा डोलारा उभा राहिला होता.

समोरच्या बाजूला अथनेशियस, पुढे अलेक्झांडरच्या जागी अलेक्झांड्रियाचा बिशप झालेला. त्याचा मुद्दा तर्कापेक्षा उपासनेचा आणि तारणाचा होता. ख्रिस्ती लोक ख्रिस्ताची आराधना आधीपासून करतच होते. ख्रिस्त निर्मित असेल तर ती मूर्तिपूजा ठरते. आणि जो स्वतः निर्मित आहे, तो निर्मितांना देवाशी कसा जोडणार? दोन तीरांना जोडणारा पूल दोन्ही तीरांवर टेकलेला असावा लागतो.

325 साली सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसियाला परिषद बोलावली. परंपरेने बिशपांचा आकडा 318 सांगतात. प्रत्यक्षात तो त्याहून कमी असावा. तिथे ठरलेल्या विश्वासांगीकाराचं, म्हणजे चर्च काय मानतं ते सांगणाऱ्या मजकुराचं, प्रत्येक पद आरियसची एकेक वाट बंद करण्यासाठी घातलेलं आहे. 'सत्य देवापासून सत्य देव': म्हणजे केवळ मानाने दिलेली पदवी नव्हे. 'जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे': हे त्या सगळ्याचं बिजागर. सुतार टेबल करतो आणि त्याला मूलही होतं. टेबल कितीही सुबक असलं तरी ते लाकूडच; मूल मात्र सुतारासारखंच माणूस. जे करतो ते आपल्याहून वेगळ्या जातीचं असतं, ज्याला जन्म देतो तो आपल्याच जातीचा. उदाहरण इथवरच चालतं, कारण सुतार मुलाच्या आधी असतो. ती फट ओरिजेन या विचारवंताने आधीच्या शतकातच बुजवली होती: हा जन्म कधीतरी घडलेली घटना नाही, तो अनादी आहे. दिवा आणि त्याचा उजेड यांत दिवा आधी पेटला आणि उजेड मागाहून आला असं होत नाही, तरी उजेड दिव्यापासूनच असतो.

ग्रीकमध्ये हा फरक ऐकायला किती नाजूक होता पाहा. 'गेन्नेतोस', दोन न, म्हणजे जन्मलेला. 'गेनेतोस', एक न, म्हणजे अस्तित्वात आलेला. शतकानुशतकं लोक हे दोन शब्द सैलपणे अदलून बदलून वापरत होते. आरियसच्या तर्काचा निम्मा जोर या सैलपणात होता.

आणि मग 'होमोऊसिओस', पित्याशी एकतत्त्व. हा शब्द बायबलमध्ये नाही. त्यातून 268 मध्ये अंत्युखियाच्या परिषदेने समोसाटाच्या पौलाला दोषी ठरवताना हाच शब्द नाकारला होता. त्यामुळे आरियसला न मानणाऱ्या पुष्कळ बिशपांनाही तो खुपत होता. एका धातूच्या दोन नाण्यांसारखा तो वाटे, किंवा थेट सबेलियससारखा. म्हणून नायसियाने वाद मिटला नाही, उलट पन्नास वर्षं पेटत राहिला. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. एक गट म्हणाला 'होमोइऊसिओस', म्हणजे समान तत्त्वाचा. मध्ये एक 'इ' आला एवढाच फरक. दुसरा गट म्हणाला, तत्त्वाचा शब्दच नको, पुत्र 'पित्यासारखा' आहे एवढंच म्हणा. 360 मध्ये काही काळ हीच साम्राज्याची अधिकृत भूमिका होती. युनोमियसचा तिसरा गट सरळ 'असमान' म्हणत होता.

यातला बराच गोंधळ निव्वळ भाषेचा होता. नायसियाच्या मजकुरात 'ऊसिया' (तत्त्व) आणि 'हायपोस्टॅसिस' हे शब्द एकाच अर्थाने येतात. नंतर पूर्वेकडचे बरेच जण 'तीन हायपोस्टॅसिस' म्हणू लागले. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा घटकशः अर्थ 'सब्स्टान्शिया', म्हणजे तत्त्व. तेव्हा पश्चिमेला ऐकू आलं, तीन तत्त्वं, तीन देव! आणि पश्चिमेचं 'एक तत्त्व' ग्रीकमध्ये उलटवलं की 'एक हायपोस्टॅसिस' होतं, पूर्वेला ऐकू आला सबेलियस. 362 मध्ये अथनेशियसने अलेक्झांड्रियात दोन्ही बाजूंना समोर बसवून विचारलं, तुम्हाला म्हणायचंय काय? उत्तरं जुळली. मग बेसिल, त्याचा भाऊ निसाचा ग्रेगरी आणि नाझियानझसचा ग्रेगरी या तिघा बिशपांनी घडी बसवली: ऊसिया एक, हायपोस्टॅसिस तीन.

मराठीत आपण दुसऱ्या शब्दासाठी 'व्यक्ती' वापरतो आणि तिथे नवीन घोळ होतो. आज व्यक्ती म्हटलं की वेगळं मन, वेगळी इच्छा असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि तीन व्यक्ती म्हणजे तीन देवच वाटतात. विश्वासांगीकारातलं 'तीन व्यक्ती' वाचताना 'तीन कोण, एक काय' असं वाचावं. इच्छा, सामर्थ्य, ज्ञान हे सगळं 'काय' मध्ये येतं, म्हणून तेही एकच. वेगळं आहे ते फक्त नातं: पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा.

नायसियाच्या मूळ मजकुरात आत्म्याबद्दल एवढंच आहे: आणि पवित्र आत्म्यावर. बस. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत ते कलम वाढलं: प्रभू व जीवनदाता, पित्यापासून निघणारा, पिता व पुत्र यांच्याबरोबर ज्याची आराधना होते. तरी आत्म्याला तिथे थेट 'देव' किंवा 'एकतत्त्व' म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. कुंपणावरच्या लोकांना सामावून घ्यायची बेसिलची ही पद्धत होती: जे उपासनेत करता तेच शब्दांत म्हणा, म्हणजे पुरे.

पुत्राला पित्याखाली मानणारे आज सर्वांत ठळक दिसतात ते यहोवाचे साक्षीदार. त्यांच्या मते येशू ही देवाची पहिली निर्मिती आणि तोच प्रमुख देवदूत मीखाएल. पवित्र आत्मा ही देवाची कार्यकारी शक्ती, कोणी 'तो' नव्हे. योहान 1:1 मध्ये बाकी भाषांतरं "शब्द देव होता" म्हणतात, तिथे त्यांचं भाषांतर 'एक देव होता' अशा अर्थाचं आहे. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी 'देव' शब्दाआधी निश्चित उपपद नाही, हे खरं. पण क्रियापदाच्या आधी आलेल्या विधेय नामाला ग्रीकमध्ये ते उपपद सहसा लागतच नाही. त्यामुळे नुसतं उपपद नाही एवढ्यावरून 'एक देव' सिद्ध होत नाही, संदर्भ पाहावा लागतो. मराठीत ना उपपद, ना मोठी-लहान अक्षरं, त्यामुळे हा वाद मराठी वाचकाला नुसत्या पानावर दिसतच नाही.

देव एकच व्यक्ती मानणारे युनिटेरियन या साक्षीदारांच्याही पलीकडे जातात. आरियसचा पुत्र निदान जगाच्या आधीपासून होता. पोलंडमधल्या सोसिनियन परंपरेत येशूचं अस्तित्वच मरियेच्या पोटी सुरू होतं. या विचारांची किंमत जबर होती. मायकेल सर्व्हेटस या डॉक्टरला त्रैक्याविरुद्ध लिहिल्याबद्दल 1553 मध्ये जिनिव्हात जिवंत जाळलं. त्यानंतर जेमतेम पंधरा वर्षांनी, 1568 मध्ये, ट्रान्सिल्व्हेनियात तोर्दाच्या सभेने मंडळ्यांना आपल्या पसंतीचा उपदेशक ठेवण्याची मुभा दिली, आणि युनिटेरियन चर्च तिथे आजही आहे.

एकत्वाचा अर्थ बदलला तर

लेटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन लोक, पहिलं विधान वेगळ्या तऱ्हेने वाचतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन स्वतंत्र जीव; एक आहेत ते उद्देशाने. पित्याला आणि पुत्राला हाडामांसाचं शरीर आहे, आत्म्याला नाही, असं त्यांच्या 'सिद्धान्त आणि करार' या ग्रंथाच्या 130 व्या भागात आहे. नायसियाचा 'एकतत्त्व' हा शब्द त्यांना मूळ शिकवणीत नंतर मिसळलेला ग्रीक विचार वाटतो.

त्रैक्य मानणाऱ्यांमधली भेग

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट वरची तिन्ही विधानं मानतात. भांडण आहे ते एका लॅटिन शब्दावर: 'फिलिओक्वे', म्हणजे 'आणि पुत्रापासून'. 381 च्या मजकुरात आत्मा 'पित्यापासून निघतो' एवढंच आहे. स्पेनमधले गॉथ लोक बराच काळ आरियसच्या बाजूचे होते. 589 मध्ये तोलेदोच्या परिषदेत त्यांनी ते मत सोडलं, तेव्हा आत्मा पिता आणि पुत्र या दोघांपासून निघतो हे तिथे बजावून सांगण्यात आलं. पुत्र पित्याहून कमी नाही, हे ठसवायला यापेक्षा चांगली खूण कोणती! नवव्या शतकाच्या सुरुवातीला पोप तिसरा लिओ याने हा विचार मान्य केला, पण विश्वासांगीकारात शब्द घालायला नकार दिला आणि मूळ मजकूर ग्रीक व लॅटिनमध्ये चांदीच्या पत्र्यांवर कोरून रोममध्ये लावला. तरी 1014 पर्यंत तो शब्द रोमच्या उपासनेतही आला. 1054 मध्ये रोमच्या दूताने जे बहिष्कारपत्र कॉन्स्टँटिनोपलला दिलं, त्यात उलट ग्रीकांनीच तो शब्द गाळला असा आरोप होता. इतका तो पश्चिमेच्या अंगवळणी पडला होता.

ऑर्थोडॉक्स हरकती दोन आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. एक, साऱ्या चर्चचा मजकूर एका बाजूने परस्पर बदलता येत नाही. दुसरी, देवत्वाचा झरा एकच, तो पिता. झरे दोन केले तर ऐक्यालाच तडा जातो. यावर लॅटिन बाजू म्हणते की पिता आणि पुत्र हे दोन उगम नव्हेत, मिळून एकच उगम. इथेही भाषा आड येते. योहान 15:26 मधलं ग्रीक क्रियापद मूळ उगमातून निघण्याबद्दल आहे. लॅटिन 'प्रोसेदेरे' कुठूनही पुढे येण्याला चालतं. नदी झऱ्यातून उगम पावते, तळ्यातून पुढे येते. रोमशी जोडलेली पूर्वेकडची बरीच कॅथलिक चर्चेस तो शब्द न उच्चारताच विश्वासांगीकार म्हणतात, आणि रोमला ते चालतं.

451 च्या खाल्सेदोन परिषदेनंतर वेगळी झालेली कॉप्टिक, अर्मेनियन, सिरियन ही चर्चेस बऱ्याचदा या यादीत चुकून घातली जातात. त्यांचा वाद ख्रिस्तातल्या देवपण-माणूसपणाबद्दल आहे. त्रैक्याबद्दल ती नायसियाचीच आहेत.

समजावताना चुकतं ते इथे

पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण सर्रास दिलं जातं. तेच पाणी रूप बदलतं, म्हणजे हा शुद्ध सबेलियस झाला. एकच माणूस कोणाचा बाप, कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, हेही तसंच. तीन पाकळ्यांचं पान दाखवलं तर प्रत्येक पाकळी पानाचा तुकडा ठरते. पण पिता हा एक तृतीयांश देव नव्हे, पूर्ण देव आहे. त्रिमूर्तीशी तुलना पटकन सुचते, पण तिथे उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी आहे. त्रैक्यात निर्मिती तिघांची, तारणही तिघांचं. चर्चने स्वतः विश्वासांगीकारात जी उपमा ठेवली ती एकच, 'प्रकाशापासून प्रकाश', आणि तीही एका मुद्द्यापुरतीच.

आणखी एक खबरदारी. 1 योहान 5:7 मध्ये पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत, असं काही जुन्या भाषांतरांत सापडतं. ते पुरावा म्हणून पुढे करू नये. इरॅस्मस या विद्वानाने नव्या कराराच्या 1516 आणि 1519 च्या ग्रीक आवृत्त्यांत ते छापलं नाही, कारण ग्रीक हस्तलिखितांत त्याला ते सापडलं नव्हतं. 1522 मध्ये दबावाखाली घातलं. आजच्या बहुतेक भाषांतरांच्या मजकुरातून ते काढलेलं आहे.

एखाद्या मंडळीचं मत ओळखायचं असेल तर 'तुम्ही पिता, पुत्र, पवित्र आत्मा मानता का' हा प्रश्न कुचकामी आहे, सगळेच हो म्हणतील. त्यांच्या लेखी शिकवणीत पुत्राबद्दल 'अनादी' आहे का ते पाहा. आत्म्याला 'तो' म्हटलंय की 'शक्ती' ते पाहा. प्रार्थना थेट येशूला होते का ते विचारा. आणि बाप्तिस्म्याचे शब्द ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. मॉर्मन लोक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याच नावाने बाप्तिस्मा देतात; तरी 2001 मध्ये कॅथलिक चर्चने तो ग्राह्य नाही असं ठरवलं, कारण शब्द तेच असले तरी त्यांतून अभिप्रेत असलेला देव वेगळा आहे. उलट 2008 मध्ये त्याच चर्चने 'निर्माणकर्ता, तारणारा आणि पवित्र करणारा' यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्माही अग्राह्य ठरवला. ही तिन्ही तिघांची सामाईक कामं आहेत, त्यातून कोण कोणाचा कोण हे कळत नाही. ज्यांना या शब्दांनी बाप्तिस्मा दिला गेला होता, त्यांना तो नव्याने घ्यावा लागणार होता.